क्लचचं ऑइल जातं कुठे?

डिझेल जळतं. जुन्या इंजिनात इंजिन ऑइलही थोडंफार जळतं. रेडिएटरचं पाणी उन्हाळ्यात कमी होतं. क्लचचं ऑइल मात्र जळत नाही आणि उडूनही जात नाही. पेडलच्या दाबाने ते बंद नळीतून पुढे सरकतं आणि पाय उचलला की मागे येतं. म्हणून क्लचची डबी वेगळी असेल आणि तिच्यातली पातळी खाली गेली असेल तर कारण एकच, गळती. बऱ्याच गाड्यांत तर क्लच प्लेट झिजत जाते तशी ही पातळी किंचित वर चढते, कारण झिजलेल्या प्लेटमुळे खालच्या सिलिंडरचा पिस्टन थोडा मागे रेटला जातो आणि तेवढं ऑइल डबीत परत येतं. तेव्हा ‘जुनी गाडी आहे, ऑइल पिणारच’ ही समजूत आधी डोक्यातून काढून टाका.

खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकरच्या बाजारात कापूस, सोयाबीन, तूर घेऊन येणाऱ्या अनेक जुन्या गाड्यांत सीटमागे ब्रेक ऑइलची, म्हणजे क्लचलाही लागणाऱ्या त्याच ऑइलची, अर्धी बाटली ठेवलेली असते. सकाळी डबीत ओतायचं, दोन-चार वेळा पेडल हाणायचं आणि निघायचं. हंगाम सुरू असताना गाडी उभी ठेवणं परवडत नाही, हे खरं. पण ही गळती जागच्या जागी थांबत नाही. सिलिंडरमधला फाटलेला रबरी कप रोज थोडा जास्त फाटतो आणि एक दिवस भरल्या गाडीत, चढावर, पेडल जमिनीला टेकतं. वेळेवर पाहिलं तर हे काम रबरी किट, बाटलीभर ऑइल आणि अर्धा दिवस एवढ्यात भागतं. क्लीनर हाताशी असेल आणि स्वच्छतेची सवय असेल तर मालकाला स्वतःलाही करता येतं.

आधी तुमच्या गाडीला ऑइलवर चालणारा क्लच आहे का ते बघा. बॉनेटखाली किंवा केबिनच्या पुढच्या बाजूला, पेडलच्या रेषेत एक छोटी डबी आणि तिच्यापासून गिअरबॉक्सकडे जाणारी बारीक धातूची नळी दिसली तर क्लच हायड्रॉलिक आहे. नळीऐवजी केबल किंवा लोखंडी रॉड असेल तर पुढचं फारसं तुमच्या कामाचं नाही. टाटा ४०७ ही गाडी १९८६ साली बाजारात आली आणि आजही खेड्यापाड्यांत धावते. तिच्याइतक्या जुन्या छोट्या-मध्यम गाड्यांत दोन्ही तऱ्हा सापडतात, शिवाय मधल्या काळात कोणी काय बदललं असेल ते सांगता येत नाही. त्यामुळे मॉडेलच्या नावावर न जाता वाकून बघा.

रचना सोपी आहे. पेडलला जोडलेला रॉड वरच्या मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ढकलतो, ऑइल नळीतून खालच्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये जातं, तिथला पिस्टन फोर्क ढकलतो आणि क्लच बेअरिंग प्रेशर प्लेटवर दाबलं जातं. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा शाळेतला नियम इथे रोज वापरला जातो. हा दाब धरून ठेवतात ते दोन्ही सिलिंडरमधले रबराचे कप. बोटाच्या पेरापेक्षा फार मोठे नसलेले हे कपच सगळ्यात आधी जातात.

आता एक महत्त्वाचा फरक. ऑइल गळतं तेव्हा क्लच सुटत नाही, आणि प्लेट झिजते तेव्हा क्लच पकडत नाही. दोन्ही एकमेकांच्या उलट आहेत. ‘गिअर पडून नाही राह्यला’ अशी तक्रार असेल, पहिला किंवा रिव्हर्स टाकताना खरखर होत असेल, पेडल दोन-तीनदा मारल्यावर गिअर गुमान पडत असेल, तर बिघाड ऑइलच्या वाटेवर आहे. उलट चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, जळका वास येतो, अशी तक्रार असेल तर प्लेटकडे बघायचं. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे गिअर पडत नाही म्हणून थेट गिअरबॉक्स उतरवला जातो, चांगली प्लेट बदलली जाते, आणि सगळं परत चढवल्यावर पेडल पुन्हा खालीच जातं. शेतकऱ्याच्या किंवा एकट्या गाडीमालकाच्या खिशातून गेलेला तो पैसा परत येत नाही. म्हणून गिअरबॉक्सला पाना लावू देण्याआधी डबीचं झाकण उघडून पातळी बघा आणि दोन्ही सिलिंडरची रबरं मागे सारून बघा. याला पाच मिनिटं लागतात.

पेडल दाबून धरलं की हळूहळू आपोआप खाली जातं, पण डबीतली पातळी मात्र हललेली नाही, असंही होतं. तेव्हा ऑइल बाहेर गळत नसतं, मास्टरच्या आत कपाला वळसा घालून मागे जात असतं. बाहेर थेंबही दिसत नाही म्हणून अशा वेळी लोक चक्रावतात. इलाज तोच, मास्टरचं किट किंवा नवा मास्टर.

गळतीची जागा शोधणं

या कामात घाई करू नका. बाकी दुरुस्ती हातांची आहे, हा भाग डोळ्यांचा आहे.

गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. खाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. मजबूत स्टँड किंवा खड्डा असलेलं गॅरेज गाठा. काळ्या मातीच्या शेतात जॅक रुततो आणि कलतो, तिथे हे काम काढूच नका.

सुरुवात केबिनपासून. पेडलच्या वर, जिथे रॉड पत्र्यातून पुढे जातो तिथे बोट फिरवा. ओलं लागलं, पेडलच्या दांड्यावर ओघळ दिसला किंवा तिथल्या पत्र्याचा रंग फुगून सोलला असेल, तर मास्टरचा मागचा कप गेलाय. ब्रेक ऑइल रंग खातं, त्यामुळे महिन्यांपूर्वीच्या गळतीचीही खूण तिथे राहते. पायाखालची मॅट उचलून बघा. पायदानाच्या रबरात मुरलेलं ऑइल वरून दिसत नाही, आणि ‘बाहेर कुठेच गळत नाही पण ऑइल कमी होतं’ या कोड्याचं उत्तर पुष्कळदा मॅटखाली असतं.

मग डबीचं तोंड, तिथून निघणारा पाइप, त्याचे नट. पुढे चेसिसच्या कडेने धातूची नळी जिथे क्लिपमध्ये धरलेली असते तिथे नीट बघा, कारण क्लिप तुटली की नळी पत्र्यावर घासते आणि घासलेल्या जागी सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. त्यानंतर रबरी होस. ती हाताने वाकवून बघा. वरून बारीक भेगा दिसल्या किंवा एखादा भाग फुगलेला, मऊ लागला तर तिचं आयुष्य संपलं. होसच्या टोकाला बँजो बोल्ट असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर ओले आहेत का ते बघा.

शेवटी गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेला स्लेव्ह सिलिंडर. त्याच्या टोकाचं रबरी बूट मागे सारा. आत नुसती ओल असेल तर थोडं थांबता येईल. बुटातून ऑइलची धार आली तर कप गेलेला आहे, शंका नको. आपल्याकडे जुन्या ट्रकमध्ये सगळ्यात जास्त गळती इथेच सापडते, कारण तो सगळ्यात खाली, चिखल-धुळीच्या माऱ्यात असतो.

सगळीकडेच तेलकट, मातकट थर असेल तर आधी तो पुसून कोरडा करा, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा आणि क्लीनरला वीस-पंचवीस वेळा पेडल मारायला सांगा. जिथे पावडर ओली होऊन काळवंडते तिथून गळती. आणि गिअरबॉक्सच्या घंटेच्या आकाराच्या कव्हरखालून थेंब पडत असतील, तर ते इंजिन ऑइल आहे, गिअर ऑइल आहे की क्लचचं, हे आधी ठरवा. पुठ्ठ्यावर किंवा झाकणात थोडे थेंब धरून त्यात पाणी घाला. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, इंजिन आणि गिअर ऑइल वर तरंगतं. या साध्या चाचणीने इंजिनचं मागचं सील गेलंय की क्लचची गळती आहे हे तिथल्या तिथे कळतं, आणि या दोन कामांच्या खर्चात फार मोठी तफावत आहे.

इथल्या मातीचा आणि पाण्याचा वाटा

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात या गळतीला काही खास कारणं आहेत. पावसाळ्यात शेतरस्त्यावरची काळी माती गाडीच्या पोटाला लिंपली जाते आणि वाळून कडक होते. ती स्लेव्हच्या बुटाच्या घड्यांत बसली की बूट फाटतं. बूट फाटलं की धूळ-पाणी आत, पिस्टनवर गंज, आणि गंजलेल्या पिस्टनची खरबरीत कड कप कापत राहते. म्हणजे काही रुपयांचं बूट वेळेवर बदललं तर पुढची सगळी साखळी टळते.

दुसरं कारण पाण्याचं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या बाजूच्या पुष्कळ गावांत, विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारं आहे. त्याच पाण्याने गाडी खालून धुतली की क्षार क्लिपांखाली, नटांच्या खाचांत अडकतात आणि लोखंडी नळी तिथूनच गंजते. या पट्ट्यातल्या गाड्यांची नळी क्लिप काढून तपासावी. वरून चांगली दिसणारी नळी क्लिपखाली पापुद्रे सोडत असते. गाडी धुवायची तर जमेल तेव्हा गोड्या पाण्याने खालचा भाग एकदा खंगाळून काढा.

तिसरं, हवा. घाटाखाली मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तर घाटावर बुलढाणा-चिखलीकडे डिसेंबरच्या पहाटे चांगलीच थंडी असते. जुना, कडक झालेला कप थंडीत आणखी आखडतो. म्हणून ‘सकाळी पेडल खाली जातं, दुपारी ठीक असतं’ अशी तक्रार हिवाळ्यात येते. दुपारी ठीक झालं म्हणून निश्चिंत होऊ नका, कप बदलण्याच्या लायकीचा झाला आहे.

किट की पूर्ण सिलिंडर?

किट म्हणजे कप, बूट, स्प्रिंग, काही वेळा पिस्टनही. पूर्ण सिलिंडरच्या मानाने ते खूप स्वस्त असतं आणि म्हणूनच ते आधी सुचवलं जातं. ते पुरेल की नाही हे ठरतं सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर. सिलिंडर उघडा, आतून पुसा, उन्हाकडे धरून बघा. भिंत आरशासारखी असेल तर किट टाका. नखाला अडकेल अशी एखादी रेघ, गंजाचे खड्डे किंवा काळे डाग दिसले तर किटवर पैसे घालू नका. बारीक पॉलिश पेपर फिरवून वेळ मारून नेण्याची पद्धत आहे, पण त्याने भोक मोठं होतं आणि नवा कप सैल बसतो. अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरला तर पेपर लावूच नका, त्याच्या आतला कडक थर निघून जातो. अशा वेळी नवा सिलिंडर घ्या.

माझं स्पष्ट मत आहे की दहा-पंधरा वर्षांच्या गाडीत मास्टर आणि स्लेव्ह दोघांचंही काम एकदमच करावं, होसही त्याच वेळी बदलावी. दोन्हींची रबरं एकाच वयाची असतात. एकच नवा केला की दाब पूर्ववत होतो आणि तो वाढलेला दाब दुसऱ्या जुन्या कपाला झेपत नाही. मग पंधरा दिवसांत तेच काम, तेवढंच ऑइल, पुन्हा एक दिवस गाडी उभी.

किट घेताना जुना सिलिंडर किंवा निदान त्याच्यावर कोरलेलं माप सोबत न्या. एकाच मॉडेलच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या मापाचे सिलिंडर आलेले असतात. थोडा लहान कप बसतो खरा, पण दाब धरत नाही.

ऑइल कोणतं?

डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, डॉट ३ किंवा डॉट ४. ही दोन्ही ग्लायकॉल जातीची आहेत आणि एकमेकांत मिसळली तरी नुकसान होत नाही. डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३० अंश. पण हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, आणि ओल मुरल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत उतरतात. वर्षभर उघडी पडलेली सीटमागची ती अर्धी बाटली म्हणूनच कामाची नाही. सीलबंद, लहान बाटली घ्या आणि उरलेलं टाकून द्या. डॉट ५ हे नाव पुढच्या आकड्याचं असलं तरी ते सिलिकॉनचं, वेगळ्या जातीचं ऑइल आहे. ते यात घालू नका.

आणि इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, डिझेल, रॉकेल यांचा एक थेंबही या डबीत जाता कामा नये. खनिज तेलाने हे रबर फुगतं, मऊ पडतं आणि सिलिंडरमध्ये फसतं. ट्रॅक्टरचं काम करणाऱ्या हातांकडून ही गल्लत सहज होते, कारण ट्रॅक्टरला ‘हायड्रॉलिक ऑइल’ म्हणजे दुसरंच काही असतं. असं घडलंच असेल तर नुसतं काढून नवं भरून भागत नाही. दोन्ही सिलिंडरची सगळी रबरं, होस, डबीच्या झाकणाचं रबर हे सारं बदलावं लागतं आणि धातूची नळी स्पिरिटने धुऊन हवेने कोरडी करावी लागते. सुटे भाग धुवायलाही पेट्रोल-डिझेल नको. नवं ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट, एवढंच.

उघडणं आणि बसवणं

डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. हे ऑइल डोळ्यांत गेलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवावं लागतं, म्हणून पाण्याची बादली शेजारी असू द्या. रंगावर सांडलं तरी लगेच पाणी ओता. गरम सायलेन्सरवर पडलं तर पेट घेऊ शकतं, त्यामुळे इंजिन थंड झाल्यावरच सुरुवात करा.

डबीतलं जुनं ऑइल सिरिंजने उपसून घ्या. नट सोडण्याआधी त्यांच्याभोवतीची माती ब्रशने झाडा, कारण नळी उघडली की पडणारा एक खडाही थेट कपापाशी पोचतो. गंजलेल्या नटाला गंज सोडवणारा स्प्रे मारून तासभर थांबा. साध्या फिक्स पान्याने जोर लावला की नटाच्या कडा गोल होतात आणि मग नळीच कापावी लागते. नटाला जवळजवळ सगळ्या बाजूंनी धरणारा पाइपचा पाना मिळाला तर तोच वापरा. स्लेव्ह सुटलेला असताना केबिनमध्ये कोणालाही पेडलला पाय लावू देऊ नका, पिस्टन उडून बाहेर येतो.

कप काढताना कोणता कुठे, कोणत्या तोंडाने बसला होता याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कपाची उघडी, पसरट ओठासारखी बाजू ऑइलच्या दाबाकडे असते. उलटा बसला तर अजिबात दाब धरणार नाही. नवा कप ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बोटांनीच सरकवा, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने नाही. किटसोबत रबर ग्रीसची पुडी आली असेल तर ती वापरा, पण बेअरिंगचं ग्रीस इथे चालत नाही. लॉक खाचेत पूर्ण बसलं की नाही ते बोटाने फिरवून तपासा. तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे. आणि फुटलेल्या धातूच्या नळीवर रबरी नळी चढवून क्लिप आवळण्याचा मोह आवरा. डिझेलच्या परतीच्या पाइपला ते चालेल, क्लचच्या दाबाला चालणार नाही. टोक दुहेरी दुमडून तयार केलेली नवी नळीच घाला.

मास्टर चढवताना पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात साधारण एक मिलिमीटर मोकळीक राहू द्या. अचूक माप गाडीच्या पुस्तिकेत असतं. ही मोकळीक गेली तर डबीकडे परत जायचं बारीक भोक झाकलं जातं, दाब आतच कोंडतो आणि क्लच अर्धवट दाबल्यासारखा राहून प्लेट जळते. नवा मास्टर बसवल्यावर ‘पेडल वर येऊ दे’ म्हणून रॉड लांब केला जातो, तेव्हा नेमकं हेच होतं.

हवा काढणं

सगळं नीट बसवूनही पेडल मऊ लागलं तर दोष बहुतेक वेळा इथला असतो. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. नळीत राहिलेला बुडबुडा पेडलचा निम्मा प्रवास खाऊन टाकतो.

आधी हे बघा की स्लेव्हचं ब्लीडर निपल सिलिंडरच्या सगळ्यात वरच्या बाजूला आहे. स्लेव्ह उलटा बसला असेल तर कितीही तास पेडल मारा, वरची हवा निघणार नाही. निपलवर पारदर्शक नळी चढवा, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवा. क्लीनर केबिनमध्ये, तुम्ही खाली. ‘दाब’ म्हटलं की त्याने पेडल सावकाश पूर्ण दाबायचं, ‘धर’ म्हटलं की तिथेच धरायचं. तुम्ही निपल पाव फेरा सैल करा, बुडबुड्यांसह ऑइल येईल. ते थांबायच्या आत निपल आवळा, मगच ‘सोड’ म्हणा. निपल उघडं असताना पाय सुटला तर हवा उलटी आत जाते. सुरुवातीला पेडल आपोआप वर येत नाही, हाताने उचलावं लागतं. दर चार-पाच वेळांनी डबी भरा. डबी रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. नळीतून बुडबुड्याशिवाय स्वच्छ ऑइल येऊ लागलं की काम झालं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत सहसा सगळं होतं. बाटलीत जमलेलं ऑइल परत डबीत ओतू नका.

हवा हट्टी असेल तर उलट बाजूने भरा. मोठ्या सिरिंजने निपलमधून ऑइल हळूहळू वर ढकलायचं. हवेची वाट मुळात वरचीच असल्याने बुडबुडे स्वतःहून डबीकडे जातात. एकट्याने काम करणाऱ्यासाठी हीच पद्धत मला जास्त भरवशाची वाटते. फक्त डबी भरून वाहत नाही ना यावर लक्ष ठेवा.

मोठ्या ट्रकमध्ये स्लेव्हच्या जागी हवेच्या दाबाची मदत घेणारा बूस्टर असतो. त्याच्या हवा सोडण्याच्या भोकातून ऑइलचे फवारे दिसले तर आतलं सील गेलं आहे. त्याला हवेच्या टाकीची जोडणी असते, आतल्या स्प्रिंगा जोरदार असतात. बूस्टर घरी उघडू नका, जाणत्या मिस्त्रीकडे द्या.

वाटेतच क्लच गेला तर

मोताळ्याकडून बुलढाण्याला चढणारा राजूर घाट किंवा खामगावच्या रस्त्यावरचा बोथा घाट, अशा ठिकाणी पेडल जमिनीला टेकलं तर पहिली गोष्ट म्हणजे गिअर काढू नका. गाडी गिअरमध्ये आहे तोवर इंजिन तिला धरून आहे. उतारावर न्यूट्रल केली आणि पुन्हा गिअर पडला नाही, तर भरल्या गाडीला फक्त ब्रेकचा आधार उरतो. आहे त्याच गिअरमध्ये सावकाश चालवत रुंद, सपाट जागा गाठा आणि ब्रेकने थांबवा. इंजिन झटका देऊन बंद पडेल, पडू द्या. मात्र इंजिन बंद झाल्यावर व्हॅक्यूमच्या ब्रेकची मदत दोन-चार दाबण्यांत संपते, म्हणून गाडी पूर्ण थांबेपर्यंत ब्रेक सोडू नका. मग हँडब्रेक, चाकांना दगड, मागे लाल त्रिकोण. गाडी गिअरमध्येच राहू द्या.

डबीत ऑइल भरून, पेडल भराभर मारून थोडी पकड आली तर जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं, पण रिकाम्या सपाट रस्त्याने. हाताशी काही नाही म्हणून पाणी किंवा साबणाचं पाणी घालू नका, आतून गंज चढतो. आणि एक बाब कधीही विसरू नका: काही गाड्यांत ब्रेक आणि क्लच यांची डबी एकच असते. तशा गाडीत क्लचची गळती म्हणजे ब्रेकच्या ऑइलची गळती. ती गाडी दुरुस्तीशिवाय एक किलोमीटरही पुढे नेऊ नये.

८ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करून घ्यावा लागतो. तपासणीला नेण्याच्या आधीच्या महिन्यात हे काम करून घेतलं तर दोन्ही साधतं, आणि दर दोन वर्षांनी क्लचचं ऑइल बदलण्याची आठवणही त्याच निमित्ताने राहते. काढलेलं ऑइल बांधावर, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. झाकणाच्या डब्यात, इंजिन ऑइलमध्ये न मिसळता साठवा आणि जुनं ऑइल नेणाऱ्याला वेगळं सांगून द्या.

दुरुस्तीच्या दिवशी डबीवर पातळीची रेघ मार्करने मारा. पहिले आठ दिवस रोज सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, ती रेघ बघा आणि एकदा वाकून स्लेव्हचं बूट मागे सारून बोट लावा. बोट कोरडं आणि पातळी रेघेवर असेल तर पुढे महिन्यातून एकदा बघितलं तरी पुरे.